राजाच्या तब्येतीतलं लोकांचं किती?

प्रश्न सोलापुरातल्या एका तरुण बातमीदाराचा आहे. थोडक्यात असा: “ब्रिटनचे राजे चार्ल्स यांना कर्करोग झाल्याचं राजवाड्याने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण कोणता ते सांगितलं नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या सिंहासनावर बसलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाचा आजार लोकांना कळायला नको का? आणि उद्या आपल्याकडच्या एखाद्या जुन्या राजघराण्यातल्या वयोवृद्धांचा तपासणीचा रिपोर्ट कुणी माझ्या हातात आणून ठेवला, तर मी काय करायचं?”

मी फिजिशियन. सोलापुरात प्रॅक्टिसला चौतीस वर्षं झाली आणि आता माझ्याकडे येणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेलेच असतात. राजा कधी तपासला नाही. पण ज्यांना गाव अजून ‘सरकार’ म्हणत होतं असे एक वृद्ध माझ्या उपचारांखाली होते, आणि तिथे माझं चुकलंही. ते पुढे सांगतो.

आधी माझं मत. कर्करोग कोणता, हे सांगायला राजवाडा बांधील नाही. राजा काम करू शकतो की नाही आणि करू शकत नसेल तेव्हा त्याच्या जागी सही कोण करतो, हे सांगायला मात्र तो बांधील आहे. लोकांचा हक्क इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. ब्रिटनचा कायदाही हाच प्रश्न विचारतो. तिथल्या १९३७ च्या रीजन्सी कायद्यात पाच व्यक्ती ठरवून दिल्या आहेत: राजाची पत्नी किंवा राणीचा पती, लॉर्ड चान्सलर, हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर, लॉर्ड चीफ जस्टिस आणि मास्टर ऑफ द रोल्स. यांतल्या किमान तिघांनी, डॉक्टरांचा पुरावा पाहून, राजा शरीराने किंवा मनाने काम करण्यास असमर्थ आहे असं लिहून दिलं, तर कारभार रीजंटकडे, म्हणजे राजाच्या जागी राज्य चालवणाऱ्याकडे, जातो. थोड्या दिवसांचं आजारपण असेल तर दोन कौन्सेलर्स ऑफ स्टेट त्याच्या वतीने कामं उरकतात. या सगळ्यात आजाराचं नाव कुठेच लागत नाही.

म्हणून लोकांची चौकशी म्हणजे निव्वळ भोचकपणा असंही मी म्हणणार नाही. शाहू महाराज साताऱ्यात शेवटच्या दुखण्यात होते ते १७४९ साल आठवा. वय सदुसष्ट, गादीला मुलगा नाही. नानासाहेब पेशवे पुणं सोडून साताऱ्यात तळ देऊन बसले होते. ताराबाई रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणत होत्या, महाराजांच्या राणी सकवारबाई यांचा त्याला विरोध होता. १५ डिसेंबरला महाराज गेले आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे सरकला तो सरकलाच. त्या काही महिन्यांत महाराजांनी आज पेज घेतली की नाही, ही घरगुती बातमी नव्हती. ज्याच्या श्वासावर राज्य टेकलंय त्याचा श्वास मोजणारे असणारच.

पण आजच्या ब्रिटनच्या राजाच्या श्वासावर काय टेकलंय? कर बसत नाही, फौज हलत नाही. वारस ठरलेला आहे. मग उरते ती आपल्याकडे दवाखान्याच्या जिन्यात दिसते ती उत्सुकता. शहाळं घेऊन भेटायला येतात, पेशंटजवळ दोन मिनिटं बसतात आणि बाहेर येऊन मुलाला बाजूला घेऊन विचारतात, “खरं काय ते सांग.” त्यात मायाही असते, चवही असते. दोन्ही वेगळं काढता येत नाही.

तुमच्या धंद्यातले लोक नेहमी म्हणतात की माहिती जास्त दिली की अफवा कमी होतात. मला ते अर्धवट वाटतं, आणि त्याला कारण जपान. सप्टेंबर १९८८ मध्ये सम्राट हिरोहितो यांना रक्ताची उलटी झाली. तिथून ७ जानेवारी १९८९ ला ते गेले तोपर्यंत रोज ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, किती रक्त चढवलं, सगळे आकडे टीव्हीवर येत होते. लोकांनी जत्रा रद्द केल्या, लग्नं पुढे ढकलली, वर्षअखेरच्या मेजवान्या बंद ठेवल्या. एखाद्या सत्याऐंशी वर्षांच्या माणसाचा चार्ट इतक्या लोकांनी मिळून इतके दिवस वाचल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि या सगळ्यात एक शब्द नव्हता: कर्करोग. आदल्या वर्षी, १९८७ मध्ये, त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा स्वादुपिंडाची सूज असं सांगितलं गेलं होतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा कर्करोग होता, हे मृत्यूनंतर जाहीर झालं. स्वतः सम्राटांनाही ते सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे आकड्यांचा पूर आणि आजाराचा पत्ता नाही. मी हे वाचलं तेव्हा ओशाळलो, कारण हे आम्ही रोज करतो. नातेवाइकांना मुद्द्याचं सांगायचं नसलं की आम्ही क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, सांगतो. “आज १.८ आहे, काल २.१ होतं.” ऐकणाऱ्याला वाटतं डॉक्टर काही लपवत नाहीत.

‘प्रकृती स्थिर’ हा शब्दही तसाच. तुम्ही तो हजार वेळा छापला असेल. त्याचा अर्थ एवढाच की गेल्या काही तासांत नाडी-रक्तदाबात मोठा फरक पडलेला नाही. व्हेंटिलेटरवर, तीन औषधांच्या आधारावर रक्तदाब टिकवून धरलेला माणूसही स्थिर असतो. ‘उपचारांना प्रतिसाद देत आहेत’ हे त्याचंच भावंड. यांत खोटं काही नाही, म्हणून तर डॉक्टरांना ते आवडतात.

आता त्या सरकारांचं सांगतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगणार नाही, ओळख पटेल असं काही सांगणार नाही, दोन तपशील मुद्दाम बदललेत. वय चौऱ्याऐंशी. संस्थान केव्हाच विलीन झालेलं, पण एक शिक्षण संस्था आणि देवस्थानची जमीन यांच्या कागदांवर त्यांचीच सही लागायची. वाड्यावरून बोलावणं आलं की सरकार ‘वेडंवाकडं बोलायला लागलेत’. मी गेलो तर गृहस्थ मला आपला धाकटा भाऊ समजून बोलत होते. तो भाऊ जाऊन चाळीस वर्षं झाली होती. रात्री उठून घोडा आणा म्हणायचे. खाली चौकात दोन-तीनशे माणसं. सरकारांना वेड लागलं, कुणीतरी करणी केली, इथपासून सरकार गेलेत पण कागद होईपर्यंत सांगत नाहीत, इथपर्यंत आवई उठलेली.

रक्त तपासलं. सोडियम ११६. चांगल्या माणसाचं १३५ च्या वर असतं. आठवड्यापूर्वी पायाच्या सुजेसाठी कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली होती, आणि रक्तदाब असल्यामुळे जेवण अळणी. म्हातारपणी या दोन गोष्टी जमल्या की सोडियम घसरतं आणि माणूस भ्रमतो. गोळी बंद केली, पाणी मोजून द्यायला सांगितलं, सलाईनने हळूहळू सोडियम वर आणलं. घाई केली तर मेंदूला इजा होते, म्हणून दिवसाला आठ-दहाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी १३१. सकाळी मला बघून म्हणाले, “या डॉक्टर. कालपासून हे लोक मला कुक्कुल्या बाळासारखं का वागवतायत?”

यात माझं चुकलं ते मधल्या दोन दिवसांत. एका वार्ताहराचा फोन आला, मी म्हणालो, “प्रकृती स्थिर आहे, नियमित तपासणी आहे.” घरच्यांनी तसंच सांगायला सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्याच दोन दिवसांत घरातल्याच एकाने काही कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. पुढे त्यावरून कज्जा झाला, आणि समोरच्या वकिलाने मला विचारलं, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर सांगितलं होतं, नियमित तपासणी. म्हणजे ते शुद्धीवर होते ना?” काय उत्तर देणार? मी सोडियम सांगायची गरज नव्हती. भ्रम झालाय हेही सांगायची गरज नव्हती. “सध्या काही दिवस ते कामकाज पाहणार नाहीत” एवढं एक वाक्य पुरलं असतं. आजार झाकला गेला असता आणि सह्या उघड्या पडल्या असत्या. माझ्या वाक्याने दोन्ही झाकलं.

बरे झाल्यावर सरकारांनी मला विचारलं होतं, “बाहेर काय सांगितलंत?” मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, “पुढच्या वेळी असं सांगा: म्हातारा आहे, गुडघे गेलेत, कान गेलेत. चार दिवस सही करणार नाही. पाचव्या दिवशी येऊन विचारा.” इतकं नेटकं बुलेटिन मी कुठल्या राजवाड्याचं वाचलेलं नाही.

डॉक्टरने वर्तमानपत्राकडे बघत उपचार केले तर काय होतं, याची एक गोष्ट तुम्हाला बातमीदार म्हणून माहीत असायला हवी. २० जानेवारी १९३६. राजे पंचम जॉर्ज सँड्रिंगहॅमला शेवटच्या अवस्थेत. त्यांचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी मेनूच्या कार्डावर बुलेटिन लिहिलं: राजाचं जीवन शांतपणे समाप्तीकडे निघालं आहे. वाक्य सुंदर आहे, आजही लोक आठवतात. रात्री अकराच्या सुमारास याच डॉसननी राजाला मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली आणि मध्यरात्रीच्या थोडं आधी राजे गेले. १९८६ मध्ये डॉसनची टिपणं उजेडात आली, तेव्हा कारणांपैकी एक कारण त्यात लिहिलेलं सापडलं: मृत्यूची बातमी आधी सकाळच्या टाइम्समध्ये यावी, संध्याकाळच्या हलक्या पेपरांत नव्हे. पन्नास वर्षं कुणाला पत्ता नाही. पेशंटचा डॉक्टर आणि पेशंटचा प्रवक्ता हे एकच असू नयेत, असं मी त्यानंतर म्हणायला लागलो. आता माझ्याकडचं कुणी नावाजलेलं माणूस दाखल असलं तर बाहेर बोलायचं काम घरातल्या एकाने करायचं, आणि तो एक कोण हे पेशंटने स्वतः सांगायचं.

पेशंटने स्वतः, हे मुद्दाम म्हणतोय. सहावे जॉर्ज यांचं डावं फुफ्फुस २३ सप्टेंबर १९५१ ला काढलं, तेव्हा बुलेटिनमध्ये ‘फुफ्फुसात रचनात्मक बदल’ असं आलं. कर्करोग हा शब्द लोकांना नाही आणि राजालाही नाही. साडेचार महिन्यांत ते गेले, वय छप्पन. वाचून आपण म्हणतो, काय हे लोक! आणि माझ्या केबिनबाहेर रोज कुणीतरी उभं असतं: पूर्वभागातला कारखानदाराचा मुलगा असो की माढ्याकडचा शेतकरी. “साहेब, आमच्या आप्पांना काय झालंय ते त्यांना सांगू नका.” म्हणजे जावयाला माहीत, शेजाऱ्याला माहीत, सिव्हिलमधल्या ओळखीच्या वॉर्डबॉयला माहीत, फक्त ज्याचं शरीर त्याला माहीत नाही. राजवाड्याचं खासगीपण मोजण्याआधी मला हे दिसतं. चरकाने शिष्याला उपनयनाच्या वेळी सांगितलंय की रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नकोस. त्याच्यापुढेच असंही आहे की आयुष्य थोडं उरलंय हे कळलं तरी, जिथे सांगण्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसेल तिथे बोलू नकोस. पहिला भाग आपण विसरलो. दुसऱ्याचा अर्थ मात्र ‘रोग्याला कधीच सांगू नकोस’ असा सोयीचा करून घेतला.

चार्ल्स यांचं वागणं मला या सगळ्यापेक्षा बरं वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी प्रोस्टेट वाढल्याचं आणि त्यावर उपचार घेणार असल्याचं आधीच सांगितलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या विषयाचं पान पाहणारे एका दिवसात दहापटीहून जास्त झाले. इथे सोलापुरातसुद्धा त्या आठवड्यात गिरणीतून निवृत्त झालेले एक काका आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “लंडनच्या राजाला पण तेच झालंय म्हणे.” त्या ‘पण’मागे काय होतं ते त्यांनी दोन वर्षं घरातही सांगितलं नव्हतं. रात्री पाच वेळा उठत होते. सोनोग्राफीत लघवी केल्यावरही पिशवीत भरपूर शिल्लक. अजून वर्षभर लाजले असते तर मूत्रपिंडावर गेलं असतं. ५ फेब्रुवारीला कर्करोगाची घोषणा झाली: तो प्रोस्टेटचा नाही, उपचार सुरू आहेत, लोकांसमोरची कामं थांबवतोय, सरकारी कागदपत्रं बघत राहणार आहे. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आणि तेच कुणी मथळ्यात घेतलं नाही. एप्रिलअखेर ते पुन्हा लोकांत आले. कोणता कर्करोग हे कळलं असतं तर तुमच्या-माझ्यासारख्यांनी पाच वर्षं जगण्याची टक्केवारी शोधली असती आणि चहाच्या टपरीवर माणसाला तारीख दिली असती. ती टक्केवारी हजारो लोकांची सरासरी असते, एका माणसाची नव्हे. टपरीवर हा फरक टिकत नाही.

लपवाछपवीने काय होतं तेही त्याच घराण्यात दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ यांचा उत्तर आयर्लंडचा दौरा रद्द झाला, विश्रांती घेतायत असं सांगितलं. प्रत्यक्षात एक रात्र हॉस्पिटलात काढली होती, आणि ती एका वृत्तपत्राने छापल्यावर राजवाड्याने मान्य केली. रात्र साधी तपासणीची होती. तरी पुढच्या वर्षभर ‘विश्रांती’ या शब्दावर कुणाचा विश्वास बसला नाही. थायलंडमध्ये राजा भूमिबोल यांच्या तब्येतीबद्दल मोकळं बोलणं कायद्याने धोक्याचं होतं. तिथे ऑक्टोबर २००९ मध्ये नुसत्या अफवेने शेअर बाजार कोसळला आणि नंतर अफवा पसरवल्याबद्दल लोकांना अटका झाल्या.

फोटोवरून निदान करणाऱ्यांबद्दल थोडं, कारण ते मेसेज मलाही येतात. ६ सप्टेंबर २०२२ ला राणीचा नव्या पंतप्रधानांशी हात मिळवतानाचा फोटो आला, हाताच्या पाठीवर निळसर डाग. दोन दिवसांनी त्या गेल्या, मग सगळे म्हणाले बघा, आम्ही ओळखलं होतं. शहाण्णव वर्षांच्या हातावरची कातडी कागदासारखी असते. सुई टोचली, बांगडी लागली, रक्त पातळ करायची गोळी चालू असली, तरी असा डाग पडतो. माझ्या ओपीडीत रोज दहा हात असे असतात आणि त्यांतले बहुतेक पुढच्या वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेलाही जातात. राणीच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून फक्त ‘वार्धक्य’ लिहिलं होतं. लोकांना ती पळवाट वाटली. मला नाही वाटली. हृदय थोडं, मूत्रपिंड थोडं, स्नायू थोडे, असं सगळंच एकदम उतरत जातं तेव्हा एका अवयवाचं नाव घेणं हाच खोटेपणा असतो. आपल्याकडे दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं सर्रास लिहितात. ते कारण नव्हेच, मरताना प्रत्येकाची बंद पडते.

आता तुमच्या हातात येणाऱ्या रिपोर्टबद्दल. तो येतो कुठून ते मला ठाऊक आहे, कारण आमच्याकडूनच येतो. लॅबच्या काउंटरवर पालथा न ठेवलेला कागद, लिफ्टमधलं आमचंच बोलणं, औषधाच्या चिठ्ठीवरून आजार ओळखणारा दुकानदार, आणि आता वॉर्डातून मोबाइलवर काढलेला फोटो. तीन जणांत गोष्ट गेली की षट्कर्णी होते म्हणतात. साध्या दाखल पेशंटची फाइल दिवसाला वीस-पंचवीस जणांच्या हातून जाते. यावर उपाय म्हणून मी एकदा मोठ्या माणसाचा नमुना दुसऱ्या नावाने पाठवला. त्या नावाचा खरा माणूस त्याच दिवशी तिथे येऊन गेला होता. रिपोर्टची अदलाबदल झाली आणि एका बिचाऱ्या शिक्षकाने दोन दिवस आपल्याला नसलेल्या मधुमेहाची गोळी घेतली. पुन्हा ते केलं नाही.

तो कागद तुमच्या हातात देणाऱ्याने गुन्हा केला की नाही ते वकील सांगतील. शपथ मोडली हे मी सांगतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंटचं गुपित उघड करायला न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला ठोस धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार, एवढीच वाट ठेवली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. आणि आपल्याकडच्या माजी राजांची मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. कागदावर ते तुमच्या-माझ्यासारखे नागरिक आहेत. गाव त्यांना सरकार म्हणतं, हे त्यांची फाइल उघडण्याचं कारण होत नाही.

पण ते एखाद्या ट्रस्टचे अध्यक्ष असतील, कारखान्याचे, संस्थेचे, देवस्थानचे प्रमुख असतील, तर कागद घडी घालून खिशात ठेवा आणि फोन लावा. आजार विचारू नका. गेल्या महिन्यातल्या बैठकीला ते होते का? ठरावावर सही कुणाची आहे? ती कोणत्या तारखेची, आणि त्या तारखेला ते कुठे होते? संस्थेच्या घटनेप्रमाणे त्यांच्या गैरहजेरीत अधिकार कुणाला जातात, आणि त्याला ते दिलेत का? धर्मादाय आयुक्तांकडे बदल कळवलाय का? हे सगळं छापायला तुम्हाला सोडियम लागत नाही. मला त्या दोन दिवसांत फोन करणाऱ्या वार्ताहराने “काय झालंय” याऐवजी “सह्या कोण करतंय” असं विचारलं असतं, तर मला खोटं बोलायला जागाच राहिली नसती.